आळ पाण्यावर, विष धान्यात



गटाची बैठक म्हटली की आधी हप्ता, मग कर्ज, मग व्याजाचा हिशोब. ते सगळं आटोपलं आणि चहा आला की खऱ्या गप्पा सुरू होतात. कुणाची म्हैस आटली, कुणाची सून माहेराहून आली नाही. आणि मग कुणीतरी हात पुढे करून विचारतं, "ताई, हे नख असं का झालं असेल हो?"

नखाची दुखणी आपल्याला नवी नाहीत. दिवसभर हात ओले. भांडी, धुणं, गोठा. नखाच्या कडेला सूज येते, ठणका लागतो, पू धरतो. त्याला आपण नखुरडं म्हणतो. पायाचं एखादं नख पिवळं, जाड, भुसभुशीत होतं, ती बहुतेक वेळा बुरशी असते. अंगात रक्त कमी असलेल्या बाईची नखं पातळ होतात आणि मध्ये खोलगट बसतात, अगदी चमच्यासारखी. या सगळ्यांवर उपचार आहेत आणि त्यासाठी दवाखान्यात जायला लाजायचं कारण नाही. पण ही दुखणी ज्याची त्याची असतात. एकीला होतं, शेजारणीला होत नाही.

आज आम्ही सांगणार आहोत ती गोष्ट वेगळी आहे. एकाच गावात, एकाच वेळी, घरोघरी नखं गळायला लागतात तेव्हा काय असतं? जगात असं काही ठिकाणी झालेलं आहे. आपल्या महाराष्ट्रातही झालं, आणि तेही अगदी अलीकडे.

२०२४ चा डिसेंबर संपत आला होता. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात लोकांचे केस गळायला लागले. गळायला म्हणजे कंगव्यात चार जास्त आले असं नव्हे. आधी डोकं खाजायचं, मग हात लावला की केसांचा पुंजका हातात यायचा, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बोंडगाव, कालवड, हिंगणा ही गावं बातम्यांत आली. जानेवारीपर्यंत १८ गावांतल्या २७९ जणांना हा त्रास झाला. त्यात शाळेतली पोरं होती, म्हातारी माणसं होती, लग्नाच्या मुली होत्या. कुणी त्याला 'टक्कल व्हायरस' असं नाव ठेवलं आणि गावाबाहेरचे लोक या गावच्या माणसांशी अंतर ठेवून वागायला लागले. ज्या घरात मुलगी दाखवायची होती त्या घराचं काय झालं असेल, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

कारण शोधताना पहिला आळ आला पाण्यावर. तो भाग पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातला. तिथलं पाणी खारं, हे सगळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत. दुसरा आळ शांपूवर. म्हणजे शेवटी बायकांच्या न्हाणीघरावरच. तिसरा संशय बुरशीचा. एप्रिल उजाडला तेव्हा केसांचा विषय जरा मागे पडला होता, आणि तेवढ्यात त्याच भागातल्या काही लोकांची नखं कमजोर व्हायला लागली. नखांचा रंग बदलला, ती ठिसूळ झाली, काहींची तर मुळापासून सुटून पडली.

केस डिसेंबरात आणि नखं एप्रिलात. मधले तीन-चार महिने कुठे गेले? याचं उत्तर नखातच आहे.

नख म्हणजे शरीराची नोंदवही. आपलं हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत यायला त्याला सहा महिने लागतात. पायाचं नख आणखी सावकाश, त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं. नख तयार होतं ते कातडीखाली, मुळाशी. तिथे आज बिघाड झाला तर तो आपल्याला लगेच दिसत नाही, नख पुढे सरकलं की दिसतो. फ्रान्समधल्या बो नावाच्या एका डॉक्टरांनी १८४६ साली हे नीट लिहून ठेवलं. मोठं आजारपण होऊन गेलेल्या माणसांच्या नखांवर त्यांना आडवी खाच दिसायची. ती खाच मुळापासून किती दूर गेली आहे ते मोजलं की आजार केव्हा झाला होता ते सांगता येतं. मोठा ताप, टायफॉइड यांतून उठलेल्या माणसाच्या नखावर अशी आडवी रेघ आजही दिसते. आपल्याकडे आजारी माणसाची नाडी धरतात, पण मागच्या चार महिन्यांचं सांगायचं तर नखच सांगणार.

तर एप्रिलमध्ये गळलेलं नख हिवाळ्यातल्या बिघाडाकडे बोट दाखवत होतं. हिवाळ्यात पोटात काय गेलं होतं?

रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. विंचूदंशावरच्या उपचारासाठी ते प्रसिद्ध आहेत. त्यांच्या कामामुळे कोकणात विंचू चावून मरणारी कितीतरी माणसं वाचली. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी या गावांतल्या लोकांचं रक्त, लघवी आणि केस तपासून घेतले. तिन्हींत सेलेनियम नावाचा पदार्थ भलताच जास्त निघाला. रक्तात नेहमीच्या ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट. मग त्यांनी लोक खात होते तो रेशनचा गहू तपासायला पाठवला. त्या गव्हात, त्या भागात पिकणाऱ्या गव्हाच्या तुलनेत ६०० पट सेलेनियम असल्याचं त्यांनी सांगितलं. हा गहू पंजाबातून आलेला, असंही त्यांनी मांडलं.

सेलेनियम हे नाव आपल्या कानाला नवं आहे. स्वीडनच्या बर्झेलियस या शास्त्रज्ञाने ते १८१७ साली शोधलं आणि ग्रीक भाषेतल्या चंद्राच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं. नाव चंद्राचं, पण ते गंधकाच्या कुळातलं. गंधकाशी त्याचं इतकं साम्य की झाडालाही फरक नीट कळत नाही. जमिनीत सेलेनियम जास्त असलं की पीक ते गंधक समजून ओढून घेतं आणि दाण्याच्या प्रथिनात बसवतं. आपलं शरीरही तेच करतं. नख, केस, गाईचं शिंग, घोड्याचा खूर, सगळं एकाच प्रथिनाचं बनलेलं असतं, त्याला केराटिन म्हणतात. त्याला घट्टपणा येतो तो गंधकाच्या सांध्यांमुळे. त्या सांध्यात गंधकाच्या जागी सेलेनियम जाऊन बसलं की सांधा कच्चा राहतो, असं शास्त्रज्ञ सांगतात. भिंतीत विटेच्या जागी मातीचं ढेकूळ लावावं तसं.

म्हणूनच या रोगाचा इतिहास माणसाच्या नखापासून सुरू होत नाही, जनावराच्या खुरापासून सुरू होतो.

मार्को पोलो हा इटलीचा प्रवासी तेराव्या शतकात चीनमध्ये गेला. तिथल्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागाबद्दल त्याने सांगून ठेवलंय की तिकडे एक विषारी झाड उगवतं, बाहेरून आणलेल्या जनावरांनी ते खाल्लं की त्यांचे खूर गळून पडतात. तिथली स्थानिक जनावरं मात्र ते झाड ओळखतात आणि त्याला तोंड लावत नाहीत. ते सेलेनियमचंच विष असावं असं पुढे अनेकांनी म्हटलं. सातशे वर्षांपूर्वीच्या झाडाची तपासणी आता कोण करणार, पण गुराख्याला बरोबर ठाऊक होतं की दोष चाऱ्यात आहे.

पुढे १८५६ साली अमेरिकेत, मिसुरी नदीकाठच्या फोर्ट रँडल या लष्करी तळावर घोडदळाचे घोडे आजारी पडले. मॅडिसन नावाचे लष्करी डॉक्टर तिथे होते, त्यांनी सगळं लिहून ठेवलं. घोड्यांची आयाळ गळाली, शेपटीचे केस गळाले, खूर सुजले आणि सुटले. घोडा उभाच राहू शकेना, तर चरायला जाणार कसा? कित्येक घोडे रोगाने नव्हे, उपासमारीने मेले.

नंतर त्या मुलुखात शेतकरी वस्तीला आले. त्यांच्या गाई-घोड्यांनाही तेच व्हायला लागलं. आणि त्यांनी आळ कुणावर घेतला असेल? पाण्यावर! तिथेही पाणी खारं होतं. खाऱ्या पाण्याला तिकडे अल्कली म्हणायचे, म्हणून रोगाचं नावच पडलं 'अल्कली रोग'. तिथल्या शेती संशोधन केंद्राने खारं पाणी गाईंना पाजून पाहिलं, गाई ठणठणीत राहिल्या. तरी लोकांच्या तोंडून ते नाव गेलं नाही. एकदा नाव पडलं की ते पुसायला दोन पिढ्या लागतात, मग ते रोगाचं असो की सुनेचं.

१९३० च्या आसपास दक्षिण डकोटा राज्यात कर्ट फ्रँके या संशोधकाने पाणी सोडून धान्याकडे पाहिलं. रोगट भागात पिकलेला गहू आणि मका त्याने उंदरांना खाऊ घातला. उंदीर आजारी पडले, मेले. दुसरीकडचं तसंच धान्य खाल्लेले उंदीर बरे राहिले. म्हणजे विष धान्यात होतं, आणि धान्य दिसायला अगदी चांगलं होतं. १९३३ मध्ये तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत अशा गव्हात सेलेनियम सापडलं. मग माणसांकडे लक्ष गेलं. १९३६ साली त्या भागातल्या शेतकरी कुटुंबांची पाहणी झाली. खराब दात, पिवळट कातडी, अंगावर पुरळ आणि बिघडलेली नखं असा त्रास त्यांच्यात दिसला. ही माणसं घरचं धान्य, घरचं दूध, घरची अंडी खाणारी. घरचं ते चांगलंच, असं आपण म्हणतो. पण जमिनीतच दोष असेल तर घरचंच जास्त बाधतं.

चीनमध्ये मात्र जे झालं ते वाचून आम्हाला सगळ्यात वाईट वाटलं. हूबेई प्रांतात एन्शी नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथे १९६१ ते १९६४ या काळात लोकांचे केस आणि नखं गळाली. ज्या पाच गावांना सगळ्यात जास्त झळ बसली, त्यांत २४८ माणसं राहत होती. त्यांतली जवळजवळ निम्मी आजारी पडली. नखं आधी ठिसूळ व्हायची, त्यांवर पांढरे ठिपके आणि उभ्या रेघा यायच्या, मग नख मोडून गळायचं. नवीन यायचं तेही खरबरीत, आणि पुन्हा गळायचं. कातडी सोलायची, काहींच्या हातापायांना मुंग्या येऊन संवेदना जायची.

कारण तिथल्या दगडी कोळशात होतं. त्या कोळशात सेलेनियम खूप. पावसाने तो झिजून मातीत उतरायचा. शेतकरी शेतात चुना टाकायचे, त्याने ते पिकाला आणखी सहज मिळायचं. हे वर्षानुवर्षं चालू होतं. मग लोक त्याच वर्षी का आजारी पडले? दुष्काळ पडला होता. भाताचं पीक गेलं. लोक भात सोडून मका आणि भाजीपाल्यावर दिवस काढायला लागले, आणि सेलेनियम जास्त होतं ते नेमकं त्यातच. जोडीला कसदार खाणं नाही. विष जुनंच होतं, पोटात जाण्याचं प्रमाण दुष्काळाने वाढवलं. आजारी माणसांना दुसरीकडे हलवलं, खाणं बदललं, तेव्हा ती बरी झाली. यांग गुआंगची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सगळं १९८३ साली जगापुढे मांडलं. मधे वीस वर्षं गेली होती.

आता गंमत पाहा. त्याच चीनमध्ये केशान नावाच्या भागात याच सेलेनियमच्या कमतरतेने माणसं मरत होती. हृदयाचा रोग, आणि त्याचा मारा मुख्यतः लहान मुलांवर आणि बाळंतपणाच्या वयाच्या बायांवर. त्यांना सेलेनियमच्या गोळ्या दिल्या तेव्हा तो रोग आटोक्यात आला. म्हणजे हा पदार्थ आपल्याला लागतोच. पण किती, तर दिवसाला चाळीस-पन्नास मायक्रोग्रॅम. एक ग्रॅमचे दहा लाख भाग करा, त्यांतले चाळीस-पन्नास. चिमटीतल्या मिठाच्या एका कणाएवढं सुद्धा नाही. दिवसाला चारशेच्या वर जाऊ नये असं अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी ठरवून दिलंय. औषध आणि विष यांच्यातलं अंतर इतकं कमी. 'केस आणि नखांसाठी' म्हणून बाजारात ज्या गोळ्या आणि टॉनिकं मिळतात, त्यांच्या डबीवर सेलेनियम हा शब्द दिसला तर हे लक्षात असू द्या. २००८ साली अमेरिकेत ताकदीचं म्हणून विकलेल्या एका टॉनिकात चुकून लिहिल्यापेक्षा दोनशे पट सेलेनियम पडलं. दहा राज्यांतली २०१ माणसं आजारी पडली. केस गेले, नखं गेली.

आपल्या देशात सेलेनियमच्या जमिनी पंजाबात आहेत. होशियारपूर आणि नवांशहर, ज्याला आता शहीद भगतसिंग नगर म्हणतात, या दोन जिल्ह्यांतल्या काही गावांत. शिवालिकच्या डोंगरातून पुराबरोबर आलेल्या गाळात ते आलं. तिथल्या जनावरांचे खूर आणि शिंगं गळायची, गव्हाची पानं पांढरी पडायची. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातले डॉ. के. एस. धिल्लन आणि डॉ. एस. के. धिल्लन यांनी या जमिनींवर अनेक वर्षं काम केलं. त्यांना असं दिसलं की शेतात जिप्सम टाकलं तर पिकात जाणारं सेलेनियम बरंच कमी होतं. कारण जिप्सममध्ये गंधक असतं. झाडाला खरं गंधक पुरेसं मिळालं की ते नकली उचलत नाही. हा उपाय साधा आहे, आपल्याकडे भुईमुगाला जिप्सम टाकतातच.

इथे एक सांगायला हवं. सगळा पंजाबचा गहू वाईट, असं कुणीही समजू नये. दोष काही गावांच्या काही शेतांत आहे. तिथला शेतकरीही ते धान्य खातो, त्याचीही गुरं मरतात. तो काही कुणाला विष घालायला बसलेला नाही. आणि रेशनचं धान्य खाऊ नका असंही आमचं म्हणणं नाही. आपल्या कितीतरी घरांतली चूल त्यावरच पेटते, दुसरं आणायचं कुठून? आमचा प्रश्न एवढाच आहे की पोतं शेकडो कोस प्रवास करून आपल्या गावात येतं, त्यात किडा आहे का, ओल आहे का ते बघतात, मग ज्या भागात जमिनीत दोष आहे हे इतक्या वर्षांपासून माहीत आहे, तिथलं धान्य तपासून का पाठवत नाहीत?

निवडून, पाखडून, धुऊन हे जात नाही, हेही समजून घ्या. ही दाण्यावर बसलेली धूळ नाही, दाणा घडतानाच आत गेलेला पदार्थ आहे. बुलढाण्यातला गहू धुऊन तपासला तरी आकडा जवळजवळ तेवढाच राहिला. चव लागत नाही, रंग दिसत नाही. फार झालं तर आजारी माणसाच्या श्वासाला लसणासारखा वास येतो. पण धान्य थांबवलं की शरीर सावरतं. ज्यांनी तो गहू खाणं बंद केलं त्यांच्यातल्या काहींना पाच-सहा आठवड्यांत पुन्हा केस यायला लागले होते. नखांना वेळ लागतो, त्यांचं गणित आपण वर पाहिलंच.

म्हणून नखाची तक्रार आली की आम्ही आता बैठकीत आधी दोन गोष्टी विचारतो. एकच नख आहे की सगळी? आणि घरात, शेजारी आणखी कुणाला? एकच नख, एकच बाई असेल तर नखुरडं, बुरशी, मार लागलेला, असं काहीतरी असेल. तिला डॉक्टरांकडे पाठवायचं. पण दहाही बोटांची नखं, आणि तीही चार घरांत, आणि जोडीला केस गळतायत, तर ते आशाताईंना त्याच दिवशी सांगायचं, वहीत तारीख घालून. कुणाचं केव्हा सुरू झालं, त्याच्या आधीच्या महिन्यांत धान्य कुठलं होतं, विहिरीचं पाणी किती घरं पितात आणि त्यांतली किती आजारी, हे सगळं. पाण्यावर आळ घ्यायचा की धान्यावर, हे त्या वहीतूनच कळतं. एकाच विहिरीवरची निम्मी घरं ठीक असतील आणि एकाच दुकानाचं धान्य खाणारी सगळी आजारी असतील, तर मग बोलायला जागा राहत नाही.

आणि महिन्याचं धान्य आणलं की त्यातलं मूठभर कागदाच्या पुडीत बांधून, वर तारीख लिहून ठेवा. पुढचं धान्य आलं तरी जुनी पुडी फेकू नका, सहा-आठ महिने राहू द्या. नखावर काही दिसेपर्यंत ते धान्य केव्हाच संपलेलं असतं, आणि मग तपासायला दाणाही उरत नाही. रेशन दुकानात पोतं फोडतात तेव्हा त्यावर हंगाम आणि कुठल्या राज्याचं धान्य ते छापलेलं असतं. आपल्याला धान्य मोजून पिशवीत मिळतं म्हणून आपण ते वाचत नाही. दुकानदाराला विचारून तेही पुडीवर लिहून घ्या, ज्यांना लिहिता येतं त्यांनी बाकीच्यांच्या पुड्यांवरही.